धोतऱ्याचं माप कुणाकडे असतं?

कावीळ झाली की आपल्याकडे अजूनही पहिला प्रश्न येतो, "औषध कुठं देतात?" विचारणाऱ्याला दवाखाना अभिप्रेत नसतो. बहुतेक तालुक्यांत असं एखादं घर असतं. ठरावीक वारी सकाळी तिथं रांग लागते, अनाशापोटी जायचं असतं, पैसे घेत नाहीत, फार तर नारळ ठेवायचा, आणि पुढे महिनाभर तेलकट-तिखट बंद. कुठे चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवतात, कुठे गळ्यात माळ घालतात आणि ती माळ दिवसागणिक लांबत जाते. कुठे देवडांगरीच्या वाळलेल्या फळाचं पाणी नाकात सोडतात. माळ आणि चुना यांनी शरीराला काही होत नाही. देवडांगरीचं तसं नाही. नाक आतून सोलवटल्यासारखं होतं, डोकं ठणकतं, आणि कितीतरी वेळ पिवळं पाणी गळत राहतं. ते पाणी पाहून घरचे सुस्कारा सोडतात, "निघाली बघा कावीळ."

कावीळ निघालेली नसते. देवडांगरी ही दोडक्याची जंगली, जहाल कडू बहीण. तिच्या रसाने नाकाच्या आतल्या नाजूक अस्तराची आग होते आणि त्यातून द्रव पाझरायला लागतो. काविळीच्या रुग्णाच्या रक्तात बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य वाढलेलं असतं, म्हणून तो द्रव पिवळा दिसतो. यकृताला जे झालेलं असतं ते तसंच राहतं. तरीही माणूस तीन-चार आठवड्यांत बरा होतो, कारण दूषित पाण्यातून होणारी हेपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते. श्रेय मात्र देवडांगरीच्या नावावर जमा होतं. बाई गरोदर असली, तर हेपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो. पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडकून कावीळ झालेली असली, तर पथ्य सांभाळण्यात गेलेले दोन महिने परत मिळत नाहीत. अशी माणसं त्या रांगेत पुन्हा दिसत नाहीत. मग "त्यांच्या हाताला गुण आहे" ही कीर्ती तेवढी शिल्लक राहते.

झाडपाल्याच्या औषधांबद्दल बोलताना मला हा हिशेब आधी मांडावासा वाटतो. ज्यांना गुण आला ते गावभर सांगतात. ज्यांना आला नाही ते गप्प बसतात, किंवा "पथ्य मोडलं असेल" म्हणून स्वतःलाच बोल लावतात. या एकतर्फी हिशेबावर विषारी वनस्पतींचे उपाय पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. आता त्यांच्या दिमतीला मोबाईल आला आहे.

माझं म्हणणं आयुर्वेद विरुद्ध ॲलोपॅथी असं नाही. त्या भांडणाचा मला कंटाळा आला आहे आणि रुग्णाला त्यातून काही मिळत नाही. माझा मुद्दा मापाचा आहे. विषारी झाडात औषध असतं हे खरं, पण कुणीतरी ते झाड ओळखून, त्यातलं विष मोजून, माणूस पाहून आणि नंतर नजर ठेवून दिलं तरच. यातलं काहीही स्वयंपाकघरात होऊ शकत नाही. म्हणून धोतरा, कण्हेर, बचनाग, कुचला, गुंज, कळलावी, जमालगोटा यांचा कुठलाही घरगुती उपाय, कितीही जुना असो आणि कुणाच्याही नावावर असो, त्याज्य मानला पाहिजे. आणि हे सांगायची पहिली जबाबदारी वैद्यांची आहे.

आजीबाईच्या बटव्याचा दाखला इथे हमखास दिला जातो. तो बटवा उघडून पाहायला हरकत नाही. बाळगुटीच घ्या. सहाणेवर दुधात किंवा पाण्यात हिरडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ उगाळायचं, तेही वेढे मोजून. जायफळाचा एखादाच वेढा, कारण जास्त झाला तर मूल गुंगून पडतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे तिच्याकडे माप होतं आणि ते मोडलं तर काय होतं याची जाणही होती. तरीही तिची प्रत्येक गोष्ट बरोबर होती असं नाही. वेखंडात बीटा-ॲसारोन नावाचं अपायकारक रसायन असतं आणि त्याच कारणाने अमेरिकेत 1968 पासून वेखंड खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. बिब्बाही तिच्याच बटव्यातला. टाचेच्या भेगांना, मुरगळलेल्या पायाला, मुलाच्या दुखऱ्या पोटावर गरम बिब्ब्याचं तेल लावायचे. एखाद्याला ते सोसायचं, एखाद्याच्या अंगावर बिब्बा उतायचा. आधी खाज, मग लालभडक चट्टे, मग पाण्याने भरलेले फोड, आणि शेवटी जन्मभर राहणारा काळा डाग. विदर्भात बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात पाहिले की त्या तेलाची ताकद कळते. त्याच बिब्ब्यातली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात पडते आणि तिने काही होत नाही, कारण जाळणारं तेल टरफलात असतं, गरात नसतं. कोणता भाग घ्यायचा आणि कोणता टाकायचा यावर सगळं अवलंबून आहे. फॉरवर्ड होत आलेल्या मेसेजमधून पहिली गळते ती हीच माहिती.

धोतऱ्याचं उदाहरण जरा सविस्तर पाहू. दम्यासाठी धोतऱ्याची वाळलेली पानं विडीसारखी ओढायची, हा उपाय आपल्याकडे खेडोपाडी ठाऊक आहे. तो खोटा नाही, आणि पंचाईत तिथेच आहे. 1802 च्या सुमारास मद्रासहून परतलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने तो ब्रिटनमध्ये नेला, आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ युरोप-अमेरिकेत दम्याच्या सिगारेटी दुकानांत विकल्या जात होत्या. धोतऱ्यातल्या ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन या द्रव्यांनी श्वासनलिका सैल पडतात. आज श्वासविकाराच्या रुग्णांना दिलं जाणारं टायोट्रोपियम हे रसायन ॲट्रोपिनच्याच कुळातलं. त्याच्या एका कॅप्सूलमध्ये 18 मायक्रोग्रॅम औषध असतं. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम, तेव्हा हे प्रमाण काय आहे याची कल्पना करा. शिवाय त्याची घडण अशी केली आहे की ते मुख्यतः फुफ्फुसातच काम करावं, रक्तातून मेंदूपर्यंत पोचू नये. धोतऱ्याच्या पानावर असा आकडा छापलेला नसतो. एका झाडाच्या पानात किती, शेजारच्या झाडाच्या पानात किती, बी कोवळं असताना किती आणि पिकल्यावर किती, हे सगळं बदलत राहतं. प्रमाण चुकलं की तोंड कोरडं ठणठणीत पडतं, बाहुल्या मोठ्या होऊन नजर धूसर होते, अंग तापतं, लघवी तुंबते, आणि माणूस हवेतल्या गोष्टी पकडू लागतो, असंबद्ध बरळतो. घरच्यांना वाटतं बाहेरची बाधा झाली. मग दवाखान्याच्या आधी भगताकडे नेतात.

हेच ॲट्रोपिन आपल्या ग्रामीण रुग्णालयांत रोज जीव वाचवतं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा अनेकांनी या औषधाचं नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांवर ते उतारा आहे. पण ते देताना डॉक्टर काय करतात पाहा. थोडं इंजेक्शन, मग काही मिनिटं थांबायचं, छाती ऐकायची, नाडी मोजायची, बाहुल्या पाहायच्या, घाम सुकला का बघायचं, मग पुढचा डोस. रुग्ण बरळू लागला, ताप चढला की समजायचं डोस जास्त झाला, आणि हात आवरायचा. एका विषावर दुसरं विष वापरताना माणसाच्या उशाशी बसून राहावं लागतं. "पाच पानं घ्या, एक ग्लास पाण्यात अर्धं होईपर्यंत उकळा, सकाळी अनाशापोटी" असं लिहिणारा कुणाच्या उशाशी बसणार आहे?

एप्रिल 2020 मध्ये आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात दहा-बारा जण धोतऱ्याच्या बियांचा रस पिऊन रुग्णालयात दाखल झाले. टिकटॉकवर कुणीतरी तो कोरोनावरचा उपाय म्हणून दाखवला होता. आधार काय, तर धोतऱ्याचं काटेरी बोंड विषाणूच्या चित्रासारखं दिसतं. ते सगळे बचावले. हसण्याआधी आपल्याकडचे त्या काळातले काढे आठवावेत. मिरे, दालचिनी, सुंठ यांवर निभावलं हे आपलं नशीब. त्या दिवसांत भीतीच इतकी होती की धोतऱ्याचा मेसेज मराठीत आला असता, तर तो आपणही पुढे पाठवला असता.

कण्हेर तर आपण स्वतःच लावतो. रस्त्यांच्या दुभाजकांवर नगरपालिका आवडीने कण्हेर लावतात, कारण तिला पाणी कमी लागतं आणि जनावरं तोंड लावत नाहीत. जनावरं का तोंड लावत नाहीत, याचा विचार मात्र फारसं कुणी करत नाही. पांढरी, लाल, पिवळी, तिन्ही कण्हेरींमध्ये हृदयावर थेट काम करणारी द्रव्यं असतात. ती पान वाळवून जात नाहीत, उकळून जात नाहीत, म्हणजे काढा केल्याने विष मरत नाही, पाण्यात उतरतं. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने 1785 मध्ये फॉक्सग्लव्ह या झाडाचं टिपण प्रसिद्ध केलं. जलोदरावर एका गावठी काढ्याचा गुण येतो असं त्याला कळलं होतं. त्याने त्या काढ्यातली नेमकी वनस्पती शोधली, वर्षानुवर्षं रुग्णांवर मात्रा ठरवली, आणि ज्यांना अपाय झाला त्यांच्याही नोंदी छापल्या. गावठी औषधाचं शास्त्र होतं ते असं. त्याच घराण्यातली डिगॉक्सिनची गोळी आज पाव मिलिग्रॅमची असते, आणि तेवढीही देताना डॉक्टर मूत्रपिंडाचं काम, पोटॅशियम, वय पाहतात. कण्हेरीच्या मुळीचा लेप किंवा पानांचा काढा सांगणाऱ्याने यातलं काय पाहिलेलं असतं?

रुईचंही तेच. शनिवारी मारुतीला हार घालायचा म्हणून पानं तोडणाऱ्या कितीजणांचा चिकाचा हात डोळ्याला लागतो! पहिल्या काही तासांत फारसं दुखत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो, आणि मग डोळ्यापुढे धुकं येतं, कारण चिकाने बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुजलेला असतो. मधुमेहावर रुईचं पान तळपायाला बांधून वर मोजा घालायचा, हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. मधुमेह्याच्या पायाला आधीच संवेदना कमी. तिथे चिकाने भाजलं तर त्याला कळणारही नाही, आणि पायाची जखम हीच मधुमेह्याची सर्वांत मोठी धास्ती.

आता आयुर्वेदाकडे येऊ. "आमच्या आयुर्वेदात सांगितलंय" या वाक्याने हे सगळे उपाय खपवले जातात. खुद्द शास्त्र काय सांगतं? चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात म्हटलं आहे की नीट योजलं तर तीक्ष्ण विषही उत्तम औषध होतं, आणि चुकीचं योजलं तर औषधही तीक्ष्ण विष होतं. रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधं बनवण्याच्या शाखेत, विष सौम्य करायची कृती आहे, तिला शोधन म्हणतात. बचनाग गोमूत्रात दिवसचे दिवस भिजवायचा किंवा दुधात शिजवायचा, कुचल्याच्या बिया दुधात उकळून तुपात तळायच्या, गुंजा कांजीत उकडायच्या, बिब्बा विटेच्या चुऱ्यात घोळायचा म्हणजे वीट तेल शोषून घेते. हे कर्मकांड नाही. बचनागातलं ॲकोनिटिन दीर्घकाळ शिजवल्यावर फुटतं आणि कितीतरी सौम्य द्रव्यांत बदलतं. गुंजेतलं ॲब्रिन हे प्रथिन उष्णतेने निकामी होतं. पण शिजवणं कमी पडलं तर? हाँगकाँगमध्ये बचनागाच्या कुळातल्या मुळ्या काढ्यात आणि सूपमध्ये अपुऱ्या शिजल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी वारंवार येतात, आणि तिथे चिनी वैद्यकाची परंपरा आपल्याइतकीच जुनी आहे.

भारताच्या कायद्यालाही हे ठाऊक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या नियमांमध्ये ई-1 नावाची अनुसूची आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधांतल्या विषारी द्रव्यांची ही यादी. अहिफेन म्हणजे अफू, अर्क म्हणजे आपली रुई, भल्लातक म्हणजे बिब्बा, धत्तूर, गुंजा, जयपाल म्हणजे जमालगोटा, करवीर म्हणजे कण्हेर, लांगली म्हणजे कळलावी, वत्सनाभ म्हणजे बचनाग, विषमुष्टी म्हणजे कुचला, सगळी नावं तिथे आहेत. यातलं काही पोटात घ्यायच्या औषधात असेल, तर ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं असा इशारा वेष्टनावर छापावा लागतो. कारखान्यात शोधन करून, तोलून, गोळी वळून डबीत भरलं तरी इशारा हवा. आणि तीच पानं अंगणातून खुडून मिक्सरमध्ये फिरवली तर ती "घरगुती, निसर्गाची देणगी, साइड इफेक्ट नाही" ठरतात. या विसंगतीवर वैद्यांच्या संघटनांनी रान उठवायला हवं होतं. आयुर्वेदावर कुणी टीका केली की लगेच पत्रक निघतं. धोतऱ्याची रील लाखो लोकांनी पाहिली तर निघत नाही. शास्त्राची बदनामी टीकाकारांपेक्षा त्या रीलने जास्त होते, असं मला वाटतं.

गुळवेलीच्या वादात हे दिसलं. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या 6 रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने निष्कर्ष अमान्य केला आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीकडे बोट दाखवलं. कोण बरोबर हा वाद तज्ज्ञांनी करावा. पण मंत्रालयाचं म्हणणं मान्य केलं, तरी घरच्या काढ्याच्या बाजूने त्यात काय उरतं? दोन्ही वेलींची पानं हृदयाच्या आकाराची. खऱ्या गुळवेलीच्या जुन्या खोडाची साल कागदासारखी सुटते आणि खाली हिरवा गाभा दिसतो. दुसरीच्या खोडावर चामखिळीसारख्या गाठीच गाठी असतात. शेजाऱ्याच्या कुंपणावरून तोडलेला तुकडा घेऊन किती जण एवढं निरखतात? बेल्जियममध्ये 1990 च्या दशकात वजन कमी करण्याच्या चिनी गोळ्यांमध्ये एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया गेली, आणि सुमारे शंभर बायकांची मूत्रपिंडं कायमची बिघडली. तिथे चूक पुरवठा करणाऱ्यांकडून, व्यावसायिकांकडून झाली होती. आपल्याकडे त्याच कुळातली सापसंद सर्पदंशावर म्हणून अजून सांगितली जाते.

विषारी झाड शोधायला रानात जायचीही गरज नाही. दुधी भोपळ्याचा रस हा तर सात्त्विकतेचा कळस. पण एखादा दुधी कडू निघतो, आणि तो कडूपणा म्हणजे देवडांगरीत असतात तीच क्युकर्बिटासिन द्रव्यं. रक्ताच्या उलट्या, जुलाब, रक्तदाब कोसळणं, आणि काही मृत्यूही झाले. 2010 मध्ये दिल्लीत एक शास्त्रज्ञ दगावल्यावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने समिती नेमली. तिने साधी सूचना केली: रस काढण्याआधी दुधीचा लहानसा तुकडा चाखा, कडू लागला तर टाकून द्या. आपल्या आया-आज्या भाजी चिरताना हेच करत आल्या. रसाची टूम आली तेव्हा मात्र "औषध कडूच असतं" म्हणून लोक नाक दाबून पेला रिकामा करू लागले.

याला दोन आक्षेप येतात. पहिला, ॲलोपॅथीच्या गोळ्यांनी माणसं मरत नाहीत का? मरतात. पॅरासिटॅमॉल जास्त झालं तर यकृत जातं. पण ते किती झालं तर जातं हे ठाऊक आहे, पाकिटावर मिलिग्रॅम आहेत, उतारा आहे, आणि अपाय झाला तर नोंद होते. मी मागतो आहे ते एवढंच. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. मेळघाटात, गडचिरोलीत, पालघरच्या पाड्यांवर डॉक्टर कुठे आहे? झाडपाला तिथे हौस म्हणून नसतो, दवाखाना लांब असतो म्हणून असतो. हे मान्यच केलं पाहिजे. पण रानाशी रोजचा संबंध असलेला माणूस विषाला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त मानतो. कडू करांदे तो तसेच खात नाही; चकत्या करून राखेत उकळतो, वाहत्या पाण्यात ठेवतो, मग खातो. धोका आहे तो ज्यांनी रान पाहिलेलं नाही, पण ज्यांच्या हातात मोबाईल आहे, अशा आपल्यासारख्यांना. आणि पाड्यावरच्या माणसाला झाडपाला पुरे म्हणणं ही आरोग्यकेंद्र न उघडण्याची सबब होऊ नये.

करण्यासारखं बरंच आहे, आणि फार खर्चाचंही नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलं मोगली एरंडाच्या बिया खाऊन उलट्या करतात, अशा बातम्या अधूनमधून येतातच. तेव्हा आवारातली विषारी झाडं शिक्षकांनी मुलांना नावानिशी दाखवावीत. आयुर्वेद महाविद्यालयांनी "घरी कधीही वापरू नये" अशी मराठी नावांची, फोटोंसह यादी काढून प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावी. ई-1 ची अनुसूची आयती आहेच. आणि डॉक्टरांनी आपली भाषा सुधारावी. "कुठल्या भोंदूकडे गेला होतात?" असं विचारलं की रुग्ण काढ्याचं नाव गिळून टाकतो, आणि मग यकृत का सुजलं ते शोधण्यात आठवडा जातो.

तोवर, घरात कुणी काही पिऊन बसलंच तर उलटी काढायला मीठ-पाणी पाजू नका, दूध-तूप पाजून वेळ घालवू नका. दवाखान्यात जाताना त्या झाडाची पानं-फळांसकट फांदी, उरलेला काढा आणि तो मेसेज, सगळं सोबत न्या. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 या क्रमांकावर डॉक्टरांना आणि घरच्यांनाही माहिती देतं. आणि काय घेतलं, किती घेतलं, किती वाजता घेतलं, हे ज्याने करून दिलं त्याच्याकडूनच विचारून घ्या, कितीही अवघड वाटलं तरी, मग ती घरातली थोरली जाऊ असो की सासूबाई.